पावणी आणि चौदावा रकाना

माझ्याकडे माणसं काड्यापेट्या घेऊन यायची. पेटी टेबलावर ठेवायची, दोन पावलं मागे सरकायची आणि म्हणायची, "बाई, बघा जरा काय आहे ते." पेटी उघडण्याआधी ती कानाशी धरायची मला सवय होती. खरवडल्याचा आवाज आला तर भुंगेरा, फडफड आली तर पतंग, आणि काहीच आलं नाही तर प्रवासातच आटोपलेला कुणीतरी. समोरचा माणूस तेवढ्या वेळात माझ्याकडे अशा काही नजरेने बघायचा, की बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना! तशा नजरेने बघणारे आमच्या घरातही होते, पण ते असो.

रत्नागिरीतल्या एका लहानशा कार्यालयात मी नोकरीला होते. त्याचं नाव सांगत नाही, कारण ते कार्यालय आता नाही आणि त्यातली बरीचशी माणसंही नाहीत. माझ्या हुद्द्याचं नाव एका ओळीत मावत नसे, काम मात्र एका वाक्यात मावेल. शेतातून, बागेतून, घरातून आलेला किडा कोण, कुठला, काय खातो हे शोधायचं आणि लिहून ठेवायचं. सासूबाई पाहुण्यांना "सून सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगत. कुणी खोलात शिरलंच, तर त्या पोहे आणायला आत जात.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं आठवली की मला आधी उजेड आठवतो. कौलारू इमारत, पश्चिमेला तीन खिडक्या, दुपारी तीननंतर समुद्रावरून येणारा ओलसर वारा आणि त्याच्याबरोबर आत सरकत येणारं पिवळं ऊन. भिंतीशी किड्यांची कपाटं. आमच्याकडच्या दमट हवेत टाचलेल्या किड्याला बघता बघता बुरशी धरते, म्हणून प्रत्येक कपाटाच्या खालच्या खणात एक बल्ब बारा महिने जळत ठेवलेला असे. भर दिवसाही कपाटांच्या फटींतून उजेड झिरपायचा. नॅप्थॅलीनचा वास, पंख्याची कुरकुर, कुठेतरी कागद सरकल्याचा आवाज. त्या खोलीत जागेपणीच झोप लागल्यासारखं वाटायचं आणि मला ते फार आवडायचं.

गिऱ्हाइकं मात्र झोपू देणारी नव्हती. मालगुंडच्या एका निवृत्त मास्तरांनी दुर्मीळ कीटक सापडला म्हणून तो पोस्टकार्डावर डिंकाने चिकटवून पाठवला होता. टपालाचा शिक्का नेमका त्याच्या पाठीवर बसला. हा ढेकूण आहे, असं मी उलट टपाली कळवलं. त्यावर मास्तरांनी दोन पानी पत्र लिहून आपल्या घरात ढेकूण नाहीत, सबब तो पोस्टातला असला पाहिजे, असं सिद्ध केलं. लांज्याचे एक काजूवाले एकदा डबाभर अळ्या घेऊन आले आणि म्हणाले, "ह्या माझ्या कारखान्यातल्या नाहीत, असं लिहून द्या." मी विचारलं, "मग कुठल्या आहेत?" तर म्हणाले, "ते शोधायलाच तर सरकारने तुम्हाला इथे बसवलंय!"

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे किडे मारणं वाटतं. मारणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. खरं काम त्यानंतरचं. पतंग असेल तर मध्ये खाच पाडलेल्या मऊ लाकडाच्या फळीवर त्याचे पंख पसरायचे, कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवायचे आणि वाळू द्यायचे. मग टाचणीखाली लेबल. करंगळीच्या नखाएवढा कागद आणि त्यावर बारीक टाकाने चार गोष्टी लिहायच्या: गाव, तारीख, कशावर सापडला, कुणी पकडला. लेबल नसलेला किडा कितीही देखणा असो, आमच्या लेखी तो बेवारस. आणि दुसरा नियम असा, की नमुना नाही तर नोंद नाही. मी डोळ्यांनी पाहिला असं कुणीही म्हणेल. पुरावा टाचणीवर लागतो. हे दोन नियम लक्षात असू द्या, पुढे लागतील.

माझं अक्षर चांगलं होतं. नखाएवढ्या कागदावर मी गावाचं पूर्ण नाव काना-मात्रेसकट बसवत असे आणि भिंगातून बघणाऱ्याला ते छापल्यासारखं दिसे. आमचे साहेब कोल्हापूरकडचे. त्यांना किड्यांपेक्षा कागदांचं प्रेम जास्त. प्रत्येक नव्या किड्यासाठी एक पत्रक भरावं लागायचं, चौदा रकान्यांचं. पहिल्यात नाव, दुसऱ्यात गाव, असं करत करत बाराव्यात नमुना क्रमांक, तेराव्यात नुकसान आणि चौदाव्यात उपाय. साहेबांचा दंडक होता, "रकाना रिकामा म्हणजे काम अर्धं बघा, बाई. आणि अर्धं काम मी वर पाठवत नाही." बाकीच्यांचे कागद लाल पेन्सिलीने 'अपूर्ण' असा शेरा मारून परत यायचे. माझा एकही कधी आला नाही. ह्याची मला केवढी घमेंड होती, हे आज सांगायला हरकत नाही.

एका जूनमध्ये आंब्याच्या कलमांची पाहणी करायला मी लांजा तालुक्यातल्या एका वाडीत गेले होते. त्या गावाचं नाव इथे लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल. एस.टी.तून उतरून कातळावरून तासभराची चाल. मुक्काम तानूकाकींकडे. काकी पन्नाशीच्या, अंगाने काटक. नवरा आणि मुलगा दोघेही मुंबईला गिरणीत. भातशेती काकी एकट्या बघायच्या, लागेल तेव्हा एखादा गडी घेऊन. सकाळी मी तोंड धुऊन ओटीवर आले आणि जागीच थांबले. दाराच्या चौकटीवर, उंबऱ्यापासून हातभर उंचीवर, एक पतंग बसला होता.

तळहाताएवढा. पोफळीच्या झावळीच्या बुडाशी असते त्या वाळलेल्या विरीसारखा तांबूस. चारही पंखांवर एकेक गोल खिडकी. खिडकी म्हणजे खरोखरच खिडकी. तेवढ्या जागी रंग नाही, खवले नाहीत, नुसता काचेसारखा पातळ पडदा. मी वाकून बघितलं तर त्या खिडकीतून मागच्या चौकटीच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या. एवढी वर्षं किडे बघत होते, पण हा मी कधी पाहिला नव्हता.

"काकी, ह्याला काय म्हणता तुम्ही?"

"ही पावनी," काकी चुलीपाशीच बसून म्हणाल्या. "मिरगाच्या आगंमागं येते. एक दिस बसते, दुसऱ्या दिशी जाते. खाय नाय काय, पानी पन घेय नाय. अशी पावनी कोनाला जड झाली ओ?" आणि स्वतःच हसल्या.

पुढे पुस्तकातून मला कळलं, की ह्या कुळातल्या पतंगांना तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावर आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. पुस्तकाने एक पान घेतलं, काकींनी एका वाक्यात सांगितलं होतं. ह्या पावणीचा एक पंख फाटलेला होता आणि एक मिशी तुटलेली. मी बाटली काढली तेव्हा काकी म्हणाल्या, "न्या. तिचं तसं पन झालंच हाय."

कार्यालयातल्या पुस्तकांत तो जुळेना. टसर रेशमाच्या पतंगाच्या जातकुळीतला वाटे, पण टसर नव्हे. बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून तो मी मुंबईच्या एका तज्ज्ञांकडे पाठवला. दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. नमुना खराब आहे, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. पण त्यांचा तर्क बरोबर असेल तर ह्या पतंगाची आपल्या किनारपट्टीवरून आजवर कुणी नोंद केलेली नाही. अखंड नमुना हवा, नर असल्यास उत्तम, कोशासकट. आणि अळी कोणत्या झाडावर वाढते तेही कळवावं. ते पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. दिवसातून चारदा वाचायचे. भात उतू जायचा, तरी माझ्या डोळ्यांसमोर त्या चार खिडक्या.

पुढच्या चैत्रात मी रजा काढून पुन्हा काकींकडे गेले. कोश कसा असतो हे मी हातवारे करून सांगायला लागले, तर काकींनी खुंटीवरचा एक खुळखुळा काढून माझ्या हातात दिला. सुपारीपेक्षा मोठा, टणक, करडा, वर देठाचं कडं. हलवला की आत खुळखुळ वाजायचं. "ह्येच न्हवं? पोरं खेळतात ह्येच्याशी. ऐनावर असतात. आता कवळात मिळतील."

कवळ म्हणजे काय ते सांगते. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तो तुकडा आमच्याकडे आधी भाजतात; त्याला राब म्हणतात. त्यासाठी पौष-माघात डोंगरावरच्या ऐनाच्या फांद्या तोडायच्या, त्यांचे भारे वाळवायचे आणि चैत्र-वैशाखात ते शेणाबरोबर जमिनीवर पसरून पेटवायचे. त्या फांद्या म्हणजे कवळ. वाडीतलं प्रत्येक घर आपापल्या ऐनांवर चढतं आणि अंगावरच्या सगळ्या फांद्या उतरवतं; फक्त वरचा शेंडा ठेवतं. तो का ठेवतात असं मी विचारलं, तेव्हा काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. "झाडाला डोकं नको काय, बाय? आनि ह्या पावनीची घरं खालच्या फांद्यांची जळतात, वरची ऱ्हातात. मिरगात ती फुटतात. म्हनून तर येते ना दाराव."

म्हणजे मला सगळं कळलं होतं. काकींच्या ओटीवर बसून, त्यांच्या तोंडून, स्पष्ट शब्दांत. हे मी मुद्दाम सांगते आहे.

काकींचा राब दोन दिवसांनी पेटायचा होता. आम्ही दोघींनी दोन दुपारी बसून एकेक भारा सोडला, एकेक फांदी हातात घेऊन फिरवून बघितली आणि पुन्हा भारा बांधला. सगळीकडे वाळल्या पानांचा खमंग वास. वाडी निजलेली, वारा पडलेला, दूर कुठेतरी कुणाचा तरी राब जळत होता आणि त्याचा धूर जागच्या जागी उभा होता. काकी मध्येच गुणगुणायच्या, मध्येच गप्प व्हायच्या. त्या दोन दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. स्वप्नात भारे संपतच नाहीत आणि मला त्याचं काही वाटतही नाही.

तीन कोश मिळाले. काकी म्हणाल्या, "दोन न्या. एक ऱ्हाऊंदे. मी चौकटीला बांदीन."

मी म्हटलं, "काकी, एखादा फुकट गेला तर? तिन्ही लागतील." त्यांनी तिसराही माझ्या पिशवीत टाकला. त्यांच्या घरचं मी सगळं नेलं, हे तेव्हा माझ्या मनालाही शिवलं नाही.

कोश वाढवायला आमच्याकडे कंदिलाच्या काचा असत. काच फांदीवर उभी करायची आणि वर मलमलचा तुकडा बांधायचा. तीन काचा माझ्या टेबलावर ओळीने उभ्या राहिल्या. जून उजाडला तशी मी सकाळी सातला कार्यालयात येऊ लागले; शिपाई कुलूप काढताना जांभया द्यायचा. एका सकाळी पहिल्या कोशाचं टोक ओलं दिसलं. मग ते मऊ झालं, फाकलं आणि त्यातून एक भिजलेला, चुरगळलेला जीव बाहेर आला. काचेवरून सरपटत तो मलमलीपर्यंत चढला आणि तिथे उलटा लटकला. पंख म्हणजे नुसत्या दुमडलेल्या चिंध्या. मिशा मात्र पिसासारख्या रुंद. नर होता.

मी खुर्ची ओढून बसले. पुढचा तास कुठे गेला मला ठाऊक नाही. चिंध्या हळूहळू उतरत गेल्या, लांब झाल्या, रुंद झाल्या, त्यांच्यावरच्या सुरकुत्या कुणी आतून हात फिरवावा तशा निघाल्या. खिडक्या आधी दुधाळ होत्या. मग मधूनच एक स्वच्छ झाली, मग दुसरी. त्याचं लेबल मी आधीच लिहून ठेवलं होतं. उगाच एक खेळ म्हणून तो कागद मी काचेच्या मागे धरला. त्याच्या पंखाच्या खिडकीतून मी माझं अक्षर वाचलं. गावाचं नाव होतं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. साहेब केव्हा येऊन मागे उभे राहिले होते कळलं नाही. बराच वेळ तेही बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "चहा गार झाला बाई तुमचा."

दुपारच्या आत त्याला मारावं लागलं. पंख वाळले की तो उडायचा प्रयत्न करणार आणि काचेवर आपटून फाटणार. मी ते केलं, नेहमीसारखंच स्वच्छ केलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या कोशातून मादी निघाली, तीही टाचली. तिसऱ्यातून काहीच निघालं नाही.

ती जोडी मी मुंबईला पाठवली आणि तज्ज्ञांचं पत्र आलं: तर्क बरोबर होता. त्यांच्या नियतकालिकात कोपऱ्यात दोन ओळी छापून आल्या, पतंगाचं लॅटिन नाव, गाव, ऐनाचा उल्लेख आणि माझं नाव. सासूबाईंनी त्या दिवशी पोहे आणायला न जाता पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या सुनेनं पाखरू शोधून काढलंय." मी आठ दिवस जमिनीवर नव्हते.

आणि त्या आठ दिवसांतच कधीतरी मी पत्रक भरायला घेतलं. तेरा रकाने भराभर झाले. नुकसान: किरकोळ. चौदावा रकाना, उपाय. खरं म्हणजे ऐनाची चार पानं खाणाऱ्या त्या अळीवर उपाय कसला करायचा? पण रकाना रिकामा ठेवायचा नव्हता. पेन उचललं आणि हाताला वळण होतं तसं लिहून गेलं, "कवळ तोडताना शेंडा न ठेवता कोशांसह सर्व फांद्या तोडून जाळाव्यात." फार सुबक अक्षरात. कोश शेंड्यावर वाचतात हे मला काकींनी सांगितलं होतं; त्यांनी विश्वासाने सांगितलेलं मी त्यांच्याच पावणीवर उलटवलं. अर्धं मिनिट लागलं असेल. मग मी डबा खायला गेले आणि ते विसरून गेले.

आमची पत्रकं वर जात आणि वर्षाकाठी त्यांतून शेतकऱ्यांना सूचना निघत. सायक्लोस्टाइल केलेले कागद गावोगाव जायचे. सहसा ते कुणी वाचत नसे.

पुढच्या फाल्गुनात काजूच्या कामाने लांज्याला गेले होते, तिथून वाकडी वाट करून काकींकडे निघाले. कातळ चढून वर आले आणि समोरचा डोंगर दिसला. सगळे ऐन बोडके. एकालाही शेंडा नाही. नुसते खांब उभे, वर आभाळ.

काकी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला. म्हणाल्या, "ग्रामसेवकान वाचून दाखवलान ना. ऐनावर कीड हाय, रत्नागिरीच्या बायनी शोदून काडलीय, शेंडा ठेवू नका. लोक आदी आयकत नव्हते. मंग मीच सांगितलं, आमच्याकडं येते ती बाय, खोटं लिवनार नाय."

मला बसवेना आणि उभंही राहवेना. मी म्हटलं, "काकी, तुम्हाला तर माहीत होतं. तुम्ही का ऐकलंत?"

"तुमी लिवलात, मंग आमी कसं मोडनार?"

मी तिथेच ओटीवर बसून रडले. पोरीसारखी रडले. काकींनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि कशाचं रडू हे एकदाही विचारलं नाही.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फाईल मागवली, माझं अक्षर वाचलं. "छापलेलं मागं कसं घ्यायचं, बाई?" म्हणाले. तरी त्यांनी खटपट करून एक शुद्धिपत्रक काढायला लावलं: सदर कीड निरुपद्रवी असल्याने शेंडा ठेवण्यास हरकत नाही. ठेवा, असं सरकारी भाषेत म्हणता येत नव्हतं. हरकत नाही एवढंच म्हणता येत होतं. हळूहळू लोक पुन्हा शेंडे ठेवू लागले. झाडांना डोकी फुटली. पावणी काही आली नाही.

दर जूनला मी काहीतरी निमित्त काढून जायचे. काकींच्या ओटीवर बसून रिकाम्या चौकटीकडे बघायचे. काकी म्हणायच्या, "येल ओ बाय, येल." मी हो म्हणायचे. मनात मात्र हिशेब स्पष्ट होता: ज्या हाताने तिची पहिली नोंद केली, त्याच हाताने तिला संपवलं. तिसरा कोश मी टेबलाच्या खणात ठेवला होता. कधी दुपारी, पिवळं ऊन आत आलं की तो काढून हलवायचे. आत वाळून गेलेला जीव खुळखुळ वाजायचा. ती शिक्षा मी मला स्वतःच दिलेली होती.

अशी चार वर्षं गेली. मग एका जूनच्या सकाळी कार्यालयाच्या दारात तानूकाकी उभ्या. पहिल्या एस.टी.ने आल्या होत्या, काखेत छत्री, पायांना कातळाची लाल माती. रत्नागिरीला त्या ह्याआधी कधी आल्या होत्या कोण जाणे. शिपायाला वाटलं, काड्यापेटी असणार. पण हात रिकामे होते.

"आनली नाय," त्या म्हणाल्या. "दाराव बसलीय. बगायची तर आता चला."

मी पर्स उचलली आणि तशीच निघाले. गाडीत मला भीती वाटत होती की ती उडून गेलेली असेल, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की काकींचा काहीतरी घोटाळा झाला असेल.

ती होती. त्याच चौकटीवर, तितक्याच उंचीवर. मादी, अखंड, एक खवला इकडचा तिकडे नाही. दुपारचा उजेड ओटीवर पसरला होता आणि तिच्या चार खिडक्यांतून लाकूड दिसत होतं. आम्ही उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसलो. पर्समध्ये बाटली होती. सवयीने नेहमी असायची. मी पर्सची चेन उघडली नाही.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "कुठून आली ही, काकी?"

काकी तांदळाच्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "पऱ्याच्या पान्याच्या काटाला आमचा एक ऐन हाय, मागल्या अंगाला. तो तुमाला दिसत नाय हितून. तवा त्येच्याव गडी चडला आनि मी खालनं म्हटलं, ह्येचं डोकं ऱ्हाऊंदे."

"म्हणजे तुम्ही ऐकलं नव्हतंत?"

"एका झाडाचं नाय आयकलं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"येते का नाय, मला तरी कुटं ठावं व्हतं? उगा आस कशाला लावू?" मग सुपातला एक खडा काढून टाकत त्या म्हणाल्या, "आनि तुमी लिवलेलं मी मोडलं, ह्ये तुमच्या तोंडाव कसं सांगू ओ बाय?"

माझं सगळं आयुष्य लिहिलेलं पाळण्यात गेलं होतं. ज्या एका बाईने माझं लिहिलेलं पाळलं नाही, तिने मला वाचवलं होतं, आणि माझा मान मोडू नये म्हणून चार वर्षं गप्प राहिली होती. मी काकींचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. पावणी जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी एक कोरं पत्रक घेतलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख, झाड, सगळं लिहिलं. पकडणाऱ्याच्या रकान्यात 'पकडला नाही, पाहिला' असं लिहून पुढे तानूकाकींचं पूर्ण नाव. बाराव्या रकान्यात नमुना क्रमांक नव्हता. चौदावा रकाना मी तसाच ठेवला आणि कागद साहेबांपुढे सरकवला.

साहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. चष्मा वर करून त्यांनी तो दोनदा वाचला. "दोन रकाने रिकामे आहेत, बाई."

"हो साहेब. राहू द्या."

त्यांनी लाल पेन्सिल घेतली, वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि तो कागद ट्रेमध्ये न टाकता माझ्या हातात दिला. "वर पाठवण्यासारखा नाही," म्हणाले. "तुमच्यापाशीच ठेवा."

मी टाचलेली ती नर-मादीची जोडी आजही कुठल्यातरी संग्रहात टाचणीवर असेल, खाली माझं अक्षर. शास्त्राच्या लेखी त्या गावातून त्यानंतर पावणीची नोंद नाही, कारण नमुना नाही. ते तसंच राहावं, कुणी बाटली घेऊन पुन्हा तिथे पोचू नये, म्हणून गावाचं नाव मी इथेही लिहिलं नाही. नोकरीत मी पूर्ण भरलेले कागद कुठे गेले, त्यांचं काय झालं, मला काही सांगता येणार नाही. अपूर्ण म्हणून परत आलेला हा एकच माझ्या कपाटात आहे, त्या तिसऱ्या कोशाशेजारी. दर जूनला एकदा काढून बघते आणि दोन्ही रकाने अजून रिकामे आहेत ना, ह्याची खात्री करून परत ठेवते.